मेलेल्या बावखलातली बोय

१

ऐक फ्लोरे, नुसतं ऐक. मधे बोलायचं नाही, "मग काय झालं" विचारायचं नाही, मी सांगतेच आहे. तू तिकडे मुंबईत हॉस्पिटलात ड्युट्या करत बसलीस, ईस्टरलासुद्धा आली नाहीस, आणि इथे आमच्या वाडीत काय झालं ते तुला कुणी धड सांगणार नाही. मी सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

गुड फ्रायडेची सकाळ. यंदा कॅलेंडरनं कमालच केली होती. गुरुवारी होळी, शुक्रवारी धुळवड, आणि तोच आपला गुड फ्रायडे! बांधापलीकडे रात्रभर ढोल, आणि आपल्याकडे चर्चमध्ये रात्रभर प्रार्थना. सकाळी मी आणि आई क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला निघालो, उपाशीपोटी, बावखलाच्या, आपल्या त्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठाकाठानं. आणि बघते तर काय, अख्खं बावखल पांढरं! मला वाटलं कमळं फुलली. आईला म्हटलं, "आई, बघ किती फुलं!" आई जागच्या जागी थांबली आणि तिनं माझा हात असा घट्ट धरला, अजून वळ आहे बघ.

फुलं नव्हती गं. मासे होते. उताणे. पांढरी पोटं वर करून, या काठापासून त्या काठापर्यंत. शिंगटी, खवल्याचे, बोटाएवढी पिल्लं, आणि बेडूक हातपाय पसरून तरंगत होते. पाणकोंबडी आपली दोन काळी पिल्लं घेऊन त्या मेलेल्या माशांमधून वाट काढत होती.

तुला आठवतं ना, लढाईच्या दिवसांत हेच बावखल कसं ओसाड पडलं होतं? मुंबईला मासळी पाठवायची म्हणून तळापर्यंत जाळी ओढली, पाणकोंबड्या बंदुकीनं टिपल्या. मग माझी क्लेमेंटीन मावशी शाळेत शिकवून घरी आली की दारोदार फिरायची, आपल्या लोकांकडे आणि बांधावरच्या हिंदू घरांमध्येही. सगळ्यांकडून शब्द घेतला तिनं: या पाण्यात जाळं नाही, गळ नाही, काठावर बंदूक नाही. लोक तिला "माशांची मावशी" म्हणून चिडवायचे. पण बगळे परत आले, कासवं आली, मरळ मांडीएवढे झाले.

आणि एका रात्रीत सगळं खलास!

मी ओरडले असणार, कारण माणसं धावत आली. पहिला आला सेबेस्टियनदादा, ज्याची पानवेलीची वाडी काठाला लागून आहे तो. एकदाच पाण्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पसरून सगळ्यांना मागे ढकललं.

"पाण्याला हात लावू नका कुणी! विष आहे! विष टाकलंय कुणीतरी!"

२

विष म्हटल्यावर काय होणार? बायकांनी पोरांना ओढून घेतलं, कुणी घागरी उपड्या केल्या. फेबियन काका, म्हणजे मावशीचे यजमान, गर्दीच्या मागे उभे होते. चेहरा राखेसारखा. मला रडू आलं त्यांना बघून, कारण बावखलातलं पहिलं कासव त्यांनीच आणून सोडलं होतं.

"कोण टाकणार विष?" कुणीतरी विचारलं.

"विचारता काय?" सेबेस्टियनदादा म्हणाला. "सणाला एक मरळ द्या म्हणून कोण आला होता? नाही म्हटलं तर कोण चिडून गेला?"

सगळ्यांच्या माना बांधाकडे वळल्या. बांधावर नथूमामाची झोपडी. खाडीकडचं लाकडी दार राखायचं म्हणून गावानंच जागा दिलेली. आणि तेवढ्यात नथूमामा स्वतःच आला बघ, धुळवडीची राख फासलेला, अर्धं तोंड काळं, काय झालंय याचा पत्ता नाही. पाणी दिसलं आणि मटकन खाली बसला.

"नाटकं बघा," सेबेस्टियनदादा म्हणाला.

दोघं तिघं झोपडीत घुसले. बाहेर आले ते टोपली घेऊन. टोपलीत गेळफळं! तुला माहीत आहे ना, रानातली माणसं ओढ्यात मासे झिंगवायला गेळफळ ठेचून टाकतात?

नथूमामाची बायको कमळी छाती बडवत पुढे आली. "अरे ती धान्यात टाकाची हान! किडा लागू नाय म्हनून! तुमचे घरान नाय काय?"

कोण ऐकतो? आरडाओरडा, आणि त्यातच ठरलं: रविवारी ईस्टरची मिसा संपली की चर्चच्या अंगणात सगळे जमायचं, आणि नथूला बांधावरून उठवायचं. झोपडी मोडायची. बांधापलीकडची पोरं पण काही गप्प बसली नाहीत. "नथूला उठवलात तर तुमचा शब्द तुमच्याजवळ. आमी जाली टाकनार, बगू कोन आडवतो!"

म्हणजे बघ, नथूमामा गेला तर बावखलही गेलं. कायमचं.

तेवढ्यात मागून आवाज आला, एकदम हळू, वर्गात मुलं दंगा करताना यायचा तसा. "सगळे बोललात. आता जरा मी विचारते."

क्लेमेंटीन मावशी!

३

तू तिला ओळखतेस. आमच्या केळीचा घड कोण नेतो ते गेल्या वर्षी तिनं पडलेल्या साली बघून सांगितलं होतं. पण हे काही केळ्यांचं प्रकरण नव्हतं. ती मला म्हणाली, "लुसी, चल माझ्याबरोबर. आणि तोंड मिटून." तोंड मिटून! मला!

आधी नथूमामाकडे. तो उंबऱ्यावर बसला होता, राख घामानं ओघळलेली.

"नथू, मरळ मागायला आला होतास?"

"आलू व्हतू. तू नाय म्हनलीस. मना राग आला." मग मान वर केली. "बाय, राग आला म्हनून कोन आपले पोरांना मारतो काय? ती पाखरा रोज माझे दारान येतान."

"काल दाराचं काय केलंस?"

फ्लोरे, दाराचं तू विसरली असशील. बांधात जे लाकडी दार आहे, ज्याला आपण उघाडी म्हणतो, ते पुनवेला आणि अवसेला उघडतात. दुपारनंतर ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, वरचं शिळं पाणी खाडीत जातं, तळच्या झऱ्यांचं ताजं पाणी वर येतं. तिन्हीसांजेला फळ्या परत घालायच्या आणि पाचरी ठोकून घट्ट करायच्या, आणि हे काम वाडीत तिघांनाच जमतं. जुनी रीत आहे, त्यामुळेच उन्हाळ्यात मासे तगतात.

नथूमामा म्हणाला, "दुपारी फल्या कारल्या आन् होलीला गेलू. आमचा सण असला का तुमच्यातला कोनतरी घालतो, तुमचा असला का मी. दरसाल हाच. सकाली बगला, फल्या जाग्यावं व्हत्या."

मावशी तशीच वळली. आम्ही सेबेस्टियनदादाच्या वाडीत गेलो. आणि लांबूनच ऐकू आलं, ठक् ठक् ठक्! गुड फ्रायडेला! जेजू! ज्या दिवशी प्रभूला खिळे ठोकले त्या दिवशी आपल्यात कुणी हातोडीला हात तरी लावतं का? घर पडलं तरी नाही. आणि हा आपला छपराला खिळे ठोकतोय! वाटेवरच्या सगळ्या म्हाताऱ्या क्रूस करत होत्या.

"सेबेस्टियन, आज तरी थांबायचं होतंस," मावशी म्हणाली.

"टीचर, उद्या इंजिन येतंय. छप्पर नको? देव समजून घेतो, म्हाताऱ्याच घेत नाहीत." तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही. कारण माहितीये ना, बावखलाला पंप लावायचा म्हणून तो वर्षभर मावशीशी भांडत होता, आणि मावशी म्हणत होती पाणी आटेल, मासे मरतील. आता मासेच नाहीत म्हटल्यावर कोण अडवणार?

आणि कोपऱ्यात, फ्लोरे, मी पाहिलं. डबा. मोठा पत्र्याचा डबा, डीडीटी पावडरचा. उघडा. अर्धा रिकामा!

मी मावशीचा पदर ओढला. तिनं आधीच पाहिलं होतं.

"किडीला मारलीय," सेबेस्टियनदादा म्हणाला, आणि या वेळी हसला नाही. "पानवेलीवर. तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

४

बाहेर आल्या आल्या मी सुरू झाले. हाच तो! आधी ओरडला कोण? हाच! नथूमामाकडे बोट दाखवलं कुणी? यानंच! मावशी ऐकून घेत होती आणि बावखलाच्या काठानं चालत होती. ऊन वर आलेलं, वास सुटलेला.

आणि अचानक पाण्यात छप्प!

मी किंचाळलेच. त्या मेलेल्या पाण्यातून, त्या पांढऱ्या पोटांच्या मधून एक मासा उडाला. चकचकीत, चांदीसारखा. परत पाण्यात. परत उडाला. छप्प! जिवंत!

मावशी अशी गोठली. "लुसी, कुठला मासा हा?"

"बोय," मी म्हटलं. बोय कोण ओळखत नाही? पाचूबंदरच्या कोळणी रोज घेऊन येतात.

"बोय कुठे असते?"

"खाडीत."

आणि मग मावशीनं काय केलं माहितीये? खाली वाकली आणि बोट त्या पाण्यात बुडवलं. मी ओरडले, "मावशी, विष आहे!" तिनं बोट तोंडात घातलं. देवाशप्पथ! मी तिच्या तोंडाकडे बघत उभी. आता पडते की मग पडते.

ती थुंकली. "खारट," म्हणाली.

"म्हणजे?"

"विष असतं तर बोय कशी वाचली? गेळफळ असो नाहीतर डीडीटी, ते काय बोयीला वगळून मारतं? हे खाडीचं पाणी आहे, लुसी. काल पुनवेचं उधाण होतं. रात्रीच्या भरतीला खाडी आत आली. बोय त्याच पाण्यातून आली. आणि आपली गोड्या पाण्यातली बिचारी..."

सकाळपासून त्या पाण्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं, विषाच्या भीतीनं. एकानं जरी चूळ भरली असती तरी कळलं असतं!

मग ती एकदम पळत सुटली. मावशी! पदर खोचून! कारण काठाच्या चिखलात मरळ चढून बसले होते, तोंडं वर करून, धापा टाकत. कासवंही. ती ओरडली, "घागरी आणा! जिवंत आहेत ते उचला!" फेबियन काका सगळ्यांत आधी चिखलात उतरले, गुडघ्यापर्यंत. मी, आई, कमळी, सगळ्या. पण गोडं पाणी आणायचं कुठून? एवढे मरळ टाकायचे कुठे?

सेबेस्टियनदादा कुंपणाशी उभा होता. मग म्हणाला, "माझ्या विहिरीत टाका." आणि स्वतःच घागर उचलली.

मी त्याच्यावर संशय घ्यावा की नाही, मला कळेचना.

५

दाराचं कोडं सुटेपर्यंत खाऱ्या पाण्याचं कुणाला सांगायचं नाही, असं मावशीनं मला बजावलं होतं, आणि शनिवारी सकाळी ती मला घेऊन बांधावर गेली. मी म्हटलं, "पण मावशी, फळ्या तर जागच्या जागी होत्या. नथूमामानं सांगितलं, सगळ्यांनी बघितलंय. बंद दारातून खाडी आत कशी आली?"

"म्हणूनच बघायचंय."

फळ्या होत्या. व्यवस्थित, एकावर एक, फटी चिखलानं लिंपलेल्या. मावशीनं एका पाचरीला दोन बोटं लावली आणि ओढली. पाचर हातात आली! दुसरी ओढली. तीही. लोण्यातून सुरी निघावी तशी.

"या ठोकलेल्याच नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत. हातानं दाबून बसवल्यात, वर चिखल थापलाय." मावशी बांधावरच बसली. "दार रात्रभर उघडं राहिलं, लुसी. उधाण येऊन गेलं. मग पहाटे कुणीतरी आलं, बघितलं, घाबरलं, आणि गुपचूप फळ्या घातल्या. पण पाचरी ठोकल्या नाहीत. का?"

"आवाज होईल म्हणून?"

"ढोल वाजत होते पलीकडे. हातोडीचा आवाज कुणाला आला असता?"

मी विचार करायला लागले. आणि फ्लोरे, एकदम लख्ख दिसलं मला.

"मावशी... शुक्रवार होता."

"हं."

"गुड फ्रायडेला आपल्यातला माणूस हातोडी उचलत नाही. नथूमामा असता तर त्यानं ठोकल्या असत्या! त्याला काय, त्याची धुळवड!"

"आणि सेबेस्टियन?"

"तो तर दिवसभर ठोकत होता! अख्ख्या गावाला ऐकू येत होतं! त्याला कसली हातोडीची भीती?" मी उड्याच मारत होते. "म्हणजे दोघंही सुटले! म्हणजे दार लावता येणारा तिसरा कोण..."

आणि मी थांबले.

कारण दार लावता येणारी माणसं वाडीत तीनच. नथूमामा, सेबेस्टियनदादा आणि...

मावशी माझ्याकडे बघत नव्हती. पाचर हातात धरून खाडीकडे बघत होती. तिला आदल्या दिवशीच कळलं होतं, आई शप्पथ सांगते. ती फक्त माझ्या तोंडून निघतंय का ते बघत होती.

६

फेबियन काका अंगणात जाळीचा पिंजरा दुरुस्त करत होते, एका कासवाला डोळ्यांना खार लागला होता त्याच्यासाठी. मावशीनं पाचर त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी नाकारलं नाही. तेच तर वाईट. खोटं बोलले असते तर मला राग तरी आला असता.

"मी चर्चमध्ये होतो," ते म्हणाले. "पवित्र गुरुवार. रात्रीच्या प्रार्थनेची पाळी माझी. आपला सण म्हणजे फळ्या नथू घालणार, दरवर्षीसारखं."

"आणि नथूची होळी म्हणजे तुम्ही घालणार," मावशी म्हणाली.

दोन्ही सण एकाच दिवशी येतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही गं! इतकी वर्षं एकमेकांचे सण सांभाळले, आणि त्या सांभाळण्यातच बुडालं सगळं. दोघंही निर्धास्त. दार सताड उघडं.

"मग चूक दोघांची," मी म्हटलं. "सांगून टाका ना काका! कोण काय म्हणणार आहे?"

"पहाटे सांगणार होतो." काकांनी पाचर उचलली आणि परत खाली ठेवली. "फळ्या घातल्या, वर आलो, तर सेबेस्टियन विष विष ओरडत होता. मला वाटलं, थोडं शांत होऊ दे. मग नथूचं नाव निघालं. मग टोपली. दर वेळी वाटलं आता बोलतो. आणि जितकं थांबलो तितकं..."

"नथूची झोपडी मोडायचं ठरलं तेव्हाही तुम्ही तिथेच होतात," मावशी म्हणाली.

त्यांनी कासवाचा पिंजरा बाजूला सारला. मग म्हणाले, "क्लेमेंटीन, मला सोमवारपर्यंत वेळ दे. आधी फादरांकडे कबुली देतो, मग मीच गावाला सांगेन. माझ्या तोंडानं. ईस्टरच्या दिवशी सगळ्या लोकांपुढे नको. लुसी, तू तरी सांग गं मावशीला."

"सोमवारी नथू कुठे असेल?" मावशीनं विचारलं.

मी काय सांगणार होते? मी पळून आले घरी.

७

रविवारी अंगण भरलेलं. नवे कपडे, आणि सगळ्यांची तोंडं अशी जशी काही मयताला आलेत. नथूमामा आणि कमळी फाटकाजवळ उभे, बांधापलीकडची माणसं त्यांच्या मागे. कमळीनं भांडी आधीच गोणत्यात भरली होती.

मावशीनं सगळं सांगितलं. बोय, खारं पाणी, उधाण. लोक आ वासून ऐकत होते. सेबेस्टियनदादानं विचारलं, "मग विष नव्हतंच?" आणि खाली बसला. मग तिनं पाचरी दाखवल्या, न ठोकलेल्या. कुजबुज सुरू झाली. बायकांच्या लक्षात आधी आलं, मला दिसलं, एकेकीचा हात तोंडावर गेला. आपल्यातलाच कुणीतरी!

मावशी थांबली. "ज्यानं त्या पहाटे फळ्या घातल्या, त्यानं उभं राहावं."

मी काकांकडे बघत होते. ते बुटांकडे बघत होते. मी मनात म्हणत होते, उठा, काका, उठा, उठा ना! मावशी थांबली, खूप थांबली. ती पण तेच म्हणत असणार.

ते उठले नाहीत.

"आमच्या घरातल्या माणसानं घातल्या," मावशी म्हणाली. आवाज फुटला नाही तिचा. "माझ्या नवऱ्यानं. चूक दोन्हीकडची होती. पण गप्प तो एकटा राहिला, आणि नथूचं घर जाणार होतं."

काकांनी टोपी उचलली आणि लोकांमधून चालत निघून गेले. लोकांनी वाट दिली. दुपारी माहीमला भावाकडे गेले ते अजून आलेले नाहीत. निरोप नाही, काही नाही.

सेबेस्टियनदादा नथूमामाकडे गेला, "नथू, माझं चुकलं रे," म्हणाला. नथूमामानं हात हलवला नुसता. आणि मग नथूमामा मावशीकडे आला. मला वाटलं आभार मानणार. आणि फ्लोरे, तो काय म्हणाला माहितीये?

"बाय, मना आधी इचारायचा. मी दोन दिस भावाकरं ऱ्हायलू असतू. घरचा मानूस गेला का परत येत नाय."

ज्याला वाचवलं तोच! मावशी पांढरी फटक पडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

झोपडी राहिली. शब्द राहिला, आता बांधावर आपला एक आणि त्यांचा एक, दोघं मिळून दार लावतात, सण असो नसो. मरळ सेबेस्टियनदादाच्या विहिरीत आहेत, पावसात बावखल धुऊन निघालं की परत सोडायचे. इंजिन त्यानं अजून बसवलेलं नाही, ताडपत्रीखाली पडलंय. पण निम्म्या बायका मावशीशी बोलत नाहीत, "नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं" म्हणतात. बाकीच्या निम्म्या म्हणतात की नथूचं घर मोडताना बघत बसायचं होतं का तिनं? माझी आई तर सकाळी एक म्हणते आणि संध्याकाळी दुसरं.

आणि मावशी मला रोज विचारते, "लुसी, मी चुकले का गं? एक दिवस थांबायला हवं होतं का?" मी चहा करते, विषय बदलते.

तू सांग फ्लोरे. खरं सांग, उगाच मला बरं वाटावं म्हणून नको. नवरा तुझा, शेजारी तुझा, अंगणात सगळं गाव तुझ्या तोंडाकडे बघतंय, आणि तो उठत नाहीये. तू काय केलं असतंस?